पाहून येतो

बाहेर पाऊस पडतोय असं कुणी सांगितलं, तरी खानझोडे सर आधी उठून खिडकीपाशी जायचे, बाहेर बघायचे आणि मगच म्हणायचे, "हाव, पडून राहिला." आयर्लंडमध्ये राहणाऱ्या माणसाला ही सवय परवडणारी नाही, कारण इथे त्यापायी दिवसातून दहा वेळा उठावं लागतं. पण ते उठायचे. सांगणारा कारखान्याचा मॅनेजर असो, नाहीतर त्यांची स्वतःची बायको. मंदावहिनी चिडून म्हणायच्या, "मी काय आंधळी आहे का हो?" त्यावर सर शांतपणे, "तू नाही गं. पण मीही नाही ना."

आम्ही दोघंही शॅननच्या एका कारखान्यात होतो. हृदयाच्या शिरांमध्ये घालायच्या बारीक नळ्या तिथे बनतात. विलास खानझोडे मूळ नागपूरचे, गुणवत्ता विभागाचे प्रमुख. मी पुण्याची, त्यांच्या हाताखाली नव्यानं आलेली, आणि खरं सांगायचं तर स्वतःला जरा शहाणी समजणारी. नळीचा जोड काही ठिकाणी कच्चा राहतोय म्हणून मी एक अहवाल केला होता. छान रंगीत आलेख वगैरे. सरांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "मशीन पाहिलं का?"

"डेटा आहे ना सर त्याच्यात."

"डेटा मी पण पाहिला. मशीन पाहिलं का?"

मग टोपी, झगा, बुटांवर पिशव्या चढवून आम्ही खाली गेलो. सर मशीनपाशी नुसते उभे राहिले. दुपार कलली, तसा उजेड अडवायला खिडकीच्या काचेवर लावलेला पिवळा कागद जिथे सुटला होता, त्या कोपऱ्यातून उन्हाची एक तिरीप आत आली आणि नेमकी गोंदाच्या बाटलीवर पडली. तो गोंद उजेडानं घट्ट होणारा, म्हणजे नळीला लागायच्या आधीच आळत होता. आयर्लंडमध्ये उन्हानं कुणाचं नुकसान झाल्याचं ते बहुधा एकमेव उदाहरण असेल! "आणि हे फक्त ह्या महिन्यातच होईल पाहा," सर म्हणाले, "पुढच्या महिन्यात ऊन सरकलं की तुम्ही म्हणाल, दोष आपोआप गेला." माझा अहवाल त्यांनी मला परत दिला. रागावले नाहीत, टोमणाही मारला नाही. फक्त म्हणाले, "पाहिल्याशिवाय सही नाही करायची, अमृता. बाकी सारं कागद."

हे त्यांचं ब्रीदच होतं. जवळच्या एनिस गावात आमची घरं एकाच गल्लीत होती. माझ्या घरमालकानं "बॉयलर ग्रँड आहे", म्हणजे झकास आहे, असं म्हटलं, तर हे टॉर्च घेऊन हजर. आमच्या गणपतीला कुणी म्हणालं की मोदक फुटले, तर हे स्वयंपाकघरात, "पाहून येतो." माझी लेक ईरा तिच्या इथल्या, क्लेअर परगण्याच्या उच्चारात म्हणायची, "ममी, तो काका डिटेक्टिव्ह आहे का?" मी म्हणायचे, नाही गं, नागपूरकर आहे.

सरांनी आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं होतं, त्यामुळे मतदारयादीत नाव होतं आणि त्या यादीतूनच इथे ज्युरीसाठी माणसं बोलावतात. २०२०च्या शरदात त्यांना बोलावणं आलं. करोनामुळे काही महिने बंद असलेले खटले नुकतेच सुरू झाले होते. आमच्या मराठी ग्रुपवर लगेच सुटकेच्या युक्त्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणे पाठदुखी सांगा, कुणी म्हणे इंग्रजी कच्चं आहे म्हणा. मीसुद्धा म्हटलं, "सर, कारखान्याकडून पत्र घ्या आणि मोकळे व्हा. परक्यांच्या भानगडीत कशाला पडताय?"

ते खरंच दुखावले. म्हणाले, "परके काऊन? ह्या देशानं मला विचारलं आहे की बाबा, तुझं मत काय. नागपुरात मला आजवर कुणी विचारलं नाही. घरात तर नाहीच नाही."

वहिनी आतून ओरडल्या, "घरात सांगता तेवढं पुरे आहे!"

निवड होऊन आले त्या संध्याकाळी सर लग्नघरातल्यासारखे खुशीत होते. सगळं साग्रसंगीत ऐकवलं. दूर दूर ठेवलेल्या खुर्च्या, तोंडावर मास्क, पेटीतून चिठ्ठी काढून पुकारलेली नावं. दोन्ही बाजूंच्या वकिलांना काही जणांना कारण न देता परत पाठवता येतं, हे मात्र त्यांना पटलं नव्हतं. "कारण न लिहिता रिजेक्ट? आपल्याकडे ऑडिटमध्ये मार खाऊ!" शपथेसाठी त्यांनी गीता आहे का म्हणून विचारलं. नव्हती. "मग म्हटलं, माझा शब्दच घ्या. घेतला त्यांनी." एक नवखा माणूस, विचित्र नावाचा, आणि त्याचा नुसता शब्द कोर्ट घेतं, ह्याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. मला तेव्हा हसू आलं होतं.

मग मात्र तोंडाला कुलूप. खटला चालू असताना बाहेर कुणाशी बोलायचं नाही, असं न्यायाधीशांनी बजावलं होतं. संध्याकाळी फिरायला निघालेले दिसले की मी विचारायचे, "काय म्हणतंय कोर्ट?" ते म्हणायचे, "ग्रँड." एवढंच. चहा कसा होता ते सांगा म्हटलं, तर तेही सांगेनात. मी वहिनींना म्हटलं, ह्यांना जन्मठेप झालीय की काय!

चौथ्या दिवशी भर दुपारी वहिनींचा फोन आला. "अमृता, हे आलेत. पण गाडीतून उतरत नाहीयेत." मी घरून काम करत होते, तशीच चपला घालून गेले. सर दारातल्या गाडीत बसून होते, पट्टा लावलेला, गाडी बंद. मी काच ठोठावली. त्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, "खटला मोडला. माझ्यामुळे."

ज्युरी रूममध्ये बाकीचे काय बोलले, ते सरांनी मला कधीच सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. स्वतः काय केलं तेवढं सांगितलं. खटल्याची बाकी हकीकत गावाला माहीतच होती, स्थानिक वर्तमानपत्रात आली होती. नोरा नावाची ऐंशी पार केलेली एक बाई. जानेवारीतल्या एका संध्याकाळी, करोनाच्या आदल्या वर्षी, नदीकाठच्या पायवाटेनं चर्चमधून घरी निघाली होती. कुणीतरी धक्का देऊन तिची पर्स हिसकावली, ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिथल्या दिव्याच्या उजेडात तिनं त्याचा चेहरा पाहिला होता, आणि तो डेक्लनचा होता, असं तिचं म्हणणं. डेक्लन म्हणजे गावातला रंगारी, चाळिशीचा, बायको-मुलं असलेला. तो म्हणत होता, मी तिथे नव्हतोच. सगळा खटला तिच्या त्या पाहण्यावर उभा होता.

"ती म्हातारी साक्षीला आली ना," सर म्हणाले, "वॉकर घेऊन, हळूहळू. बसली, आणि पदर सारखा करावा तसा तिनं स्कार्फ सारखा केला. मला माझी वर्ध्याची मावशी आठवली. अमृता, तिनं तोंड उघडायच्या आधी माझं ठरून गेलं. मग पुढे जे जे ऐकलं ते त्या ठरवण्याला चिकटवत बसलो. वकिलानं तिला उलट प्रश्न विचारले, तर मला त्याचाच राग येऊन राहिला. दुसऱ्या दिवशी रात्रीचं जेवताना लक्षात आलं, की मी साक्षीवर नाही, मावशीवर विश्वास ठेवून राहिलो. आणि समोर तो माणूस बसला आहे, त्याचं सारं आयुष्य माझ्या मावशीवर टांगलेलं."

म्हणून ते पाहून आले. स्वतःच्या मनाचा भरवसा वाटेना, तेव्हा आयुष्यभर ज्याच्यावर भरवसा ठेवला तेच त्यांनी केलं. नदीकाठची ती वाट त्यांच्या रोजच्या फिरण्याचीच. तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर ते त्या दिव्याखाली जाऊन उभे राहिले. समोर एक मोठं झाड, त्याच्या फांद्या थेट दिव्यावर आलेल्या. खाली नुसती सावली. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे ओळखू येईनात. दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्युरीतल्या बाकीच्यांना सांगितलं, मी पाहून आलो, तिथे चेहरा दिसत नाही. एका सभासदानं न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवली. आणि ते बरोबरच होतं, असं सर स्वतःच म्हणाले.

मी म्हटलं, "पण सर, तुम्हांला सांगितलं नव्हतं का, की असं काही करायचं नाही?"

"सांगितलं होतं ना. स्वतः चौकशी करू नका, इंटरनेटवर पाहू नका." मग म्हणाले, "मी म्हटलं, मी इंटरनेटवर कुठे पाहून राहिलो? मी तर चालत गेलो."

हसावं की रडावं, मला कळेना. असला युक्तिवाद आपलाच माणूस करू जाणे. नियम मोडायचा नाही, फक्त त्याच्या बाजूनं चालत जायचं!

"न्यायाधीश रागावले का?"

"नाही ना. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, मिस्टर खानझोडे, तुम्ही भल्या हेतूनं गेलात हे मला दिसतं. पण इथे जो कुणी म्हणतो 'मी पाहिलं', त्याला दोन्ही वकील उलट प्रश्न विचारतात. तुम्हांला कोण विचारणार होतं?" सरांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

ज्युरी बरखास्त झाली. खटला पुन्हा पहिल्यापासून, नव्या बारा जणांसमोर. बाहेर पडताना व्हरांड्यात नोराची भाची तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगत होती, की हे सगळं परत एकदा करायचं आहे. नोराला नीट ऐकू येत नसे. तिनं विचारलं, "अगेन?" सरांनी तो शब्द मला अगदी तिच्या सुरात म्हणून दाखवला आणि मग ते गाडीतून उतरले.

नव्या तारखेच्या आधीच जानेवारी आला. करोना परत उसळला, ज्युरीचे खटले परत थांबले, तारीख पुढे गेली. घरापासून पाच किलोमीटरच्या आत व्यायामाला तेवढं फिरता येत होतं, तेही घराबाहेरच्या एकाच माणसाबरोबर. वहिनींनी मला गळ घातली, ह्यांना बाहेर काढ गं, नुसते बसून असतात. म्हणून मी संध्याकाळी त्यांना घेऊन निघायचे. ती नदीकाठची वाट ते टाळायचे. एकदा पुराच्या पाण्यामुळे दुसरा रस्ता बंद होता, तेव्हा नाइलाजानं तिकडून परतलो.

मी पुढे होते, त्या दिव्याखाली पोचलेली. मागे पावलांचा आवाज थांबला म्हणून वळून पाहिलं. सर दिव्यापासून थोड्या अंतरावर उभे होते आणि माझ्याकडे टक लावून बघत होते.

"काय झालं सर?"

"हलू नको. तिथेच उभी राहा." त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "टोपी काढ जरा."

मी टोपी काढली. थंडीनं कान झोंबले. मी वर पाहिलं. झाडावर एक पान नव्हतं. नुसत्या काड्या, आणि त्यांतून दिव्याचा उजेड सरळ खाली आलेला. मला सरांच्या चष्म्याची काडी दिसत होती, गालावरचा तीळ दिसत होता.

"दिसून राहिलं," ते म्हणाले. "सारं दिसून राहिलं."

ती घटना जानेवारीतली होती. सर जाऊन आले होते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, झाड पानांनी भरलेलं असताना. ऊन कुठल्या महिन्यात कुठल्या कोपऱ्यातून येतं हे मला शिकवणारा माणूस पानगळ विसरला होता!  मी विचारलं, "कोर्टात फोटो नव्हते का दाखवले?"

"होते ना. पोलिसांनी त्याच आठवड्यात काढलेले. झाड उघडंच होतं त्यात." ते खाली बघत होते. "पण फोटोवर माझा विश्वास कुठे? कागद ना तो."

मी म्हटलं, म्हणजे नोराबाई खरं बोलत होत्या. त्यावर ते एकदम चिडले. मी त्यांना चिडलेलं पाहिलं ते तेवढंच. "नाही, अमृता! परत तेच करून राहिली तू. चेहरा दिसत होता एवढंच झालं हे. ओळखला तो बरोबर की चूक, हे मला काय माहीत? तुला काय माहीत? ते ठरवायला बारा जण बसवले होते, एकच गोष्ट सगळ्यांनी मिळून ऐकायला. एकानं हळूच उठून पाहून यायला नव्हते बसवले."

इथल्या रेडिओवर सकाळी गावातल्या गेलेल्या माणसांची नावं वाचून दाखवतात. मंदावहिनी ओळखीच्या कुणाचं नाव येतंय का म्हणून स्वयंपाक करता करता ते ऐकायच्या. एप्रिलमध्ये एका सकाळी त्यांनी घाईनं आवाज बारीक केला. पण सरांनी ऐकलं होतं. नोरा गेली होती, झोपेत, वयानंच. तिची साक्षच उरली नाही. उन्हाळ्यात सरकारनं तो खटला मागे घेतला.

आता डेक्लन सुटला असं कुणी म्हणेल. सुटला खरा, पण निर्दोष म्हणून नाही, आणि दोषी म्हणूनही नाही. नोराला न्याय मिळाला नाही आणि ह्याचं नावही धुतलं गेलं नाही. छोटं गाव. रंगाऱ्याला माणसं घराच्या किल्ल्या देतात, तो एकटा आत काम करतो. आता दुकानात लोक आवाज खाली आणून "युवर मॅन", म्हणजे 'तो बाबा', म्हणायचे, की समजायचं कुणाबद्दल चाललंय. त्याची पांढरी गाडी दिवसचे दिवस त्याच्या दारातच उभी दिसायची. सर कारखान्यात जाताना मुद्दाम त्या रस्त्यानं जायचे. मला फार वाईट वाटायचं. अरे, ज्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हा माणूस स्वतःच्या मनाशी भांडून अंधारात जाऊन उभा राहिला, त्याचंच वाटोळं व्हावं?

त्या वर्षी सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. नागपूरला वडील एकटे होते, हे कारण खरंच होतं. मला मात्र माहीत होतं की कारखान्यात ते आता सही करताना अडखळायचे. मशीनपाशी जायचे, बघायचे, आणि परत येऊन म्हणायचे, "अमृता, तूही एकदा पाहून ये."

घर विकायच्या आधी रंगवायचं होतं. मी शेजारच्या लिमरिक शहरातला एक रंगारी सुचवला. सरांनी ऐकून घेतलं आणि डेक्लनला फोन केला. वहिनी घाबरल्या. मी त्यांना स्वयंपाकघरातल्या कपाटातली भांडी बांधायला मदत करत होते, म्हणून मी तिथेच होते. डेक्लन शिडी घेऊन आला, सरांकडे बघून थबकला.

"तुम्ही दुसऱ्या रांगेत होतात," तो म्हणाला. "टोकाला."

"हो," सर म्हणाले. "आणि ज्याच्यामुळे तुमचा खटला मोडला, तो मीच."

मी हातातली कढई तशीच धरून उभी राहिले. डेक्लननं शिडी भिंतीला टेकवली. मग त्यानं विचारलं, "का केलंत?"

सरांनी सांगितलं. मावशी, झाड, दिवा, जानेवारी. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही घेतली नाही. शेवटी म्हणाले, "आय ॲम सॉरी."

"मला माफी नको होती," डेक्लन म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "मी पावणेदोन वर्षं थांबलो होतो, बारा माणसांच्या तोंडून एक शब्द ऐकायला. हो तर हो, नाही तर नाही. शब्द वाईट असता तरी मी त्याच्याशी भांडलो असतो. आता कुणाशी भांडू?" मग त्यानं शिडी उघडली. "बैठकीपासून सुरुवात करू का?"

तीन दिवस त्यानं काम केलं. नेटकं, कोपरे न् कोपरे. सरांनी घराच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या आणि दिवसभर आमच्याकडे येऊन बसले. एकदाही "पाहून येतो" म्हणाले नाहीत. शेवटच्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, "सर, विचारलंत का त्याला? आता तर विचारू शकता. केलं होतं का त्यानं?"

"नाही विचारलं."

"तुम्ही? आणि विचारलं नाहीत?"

"विचारायचा हक्क एकदाच मिळाला होता, अमृता. बारा जणांसोबत, शब्द देऊन. तो मी घालवला." चष्मा काढून ते पुसत बसले. "आता विचारलं तर ती नुसती माझी उत्सुकता."

निघायच्या सकाळी विमानतळावर सोडायला मी गाडी काढली होती. बॅगा ठेवून झाल्या. वहिनी देवाच्या रिकाम्या कोनाड्याला हात जोडत होत्या. सर रंगाच्या वासाच्या त्या मोकळ्या बैठकीत उभे होते, पाठ खिडकीकडे. दारातून मी सवयीनं म्हटलं, "सर, पाऊस आहे हो बाहेर."

आणि मी थांबले, ते वळून बघतील म्हणून. खिडकी त्यांच्यापासून दोन पावलांवर होती. ते वळले नाहीत.

"बरं," ते म्हणाले, आणि कोपऱ्यातली छत्री उचलली.